डायलिसिसच्या पेशंटचा अमायलेज-लायपेजचा रिपोर्ट कसा बघायचा

किडनीच्या पेशंटचं पोट दुखलं की डॉक्टर अमायलेज आणि लायपेज करायला सांगतात, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट येतो, दोन्ही आकड्यांपुढे ठळक 'एच' (म्हणजे हाय, जास्त), आणि मग घरात कोणीतरी गूगल करतं आणि स्वादुपिंडाला सूज आलीय म्हणून सगळेच हादरतात. जरा थांबा.

ही दोन्ही प्रोटीन्स स्वादुपिंडात बनतात (अमायलेज लाळेच्या ग्रंथींतूनही येतं) आणि थोडी रक्तात असतातच. ती रक्तातून काढून मोडून टाकण्यात किडनीचा मोठा वाटा, त्यामुळे किडनी निकामी होत गेली की ती साचतात, स्वादुपिंड ठणठणीत असलं तरी! आणि डायलिसिसने क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) उतरतं तशी ही उतरत नाहीत, कारण रेणू खूप मोठे.

म्हणून आधी बघा रेंजच्या किती पट आलंय. लॅबची वरची मर्यादा 100 आणि अमायलेज आलं 190, तर या पेशंटमध्ये ते नेहमीचंच, बहुतेकांचं तीन पटीच्या आत राहतं. मग जुना रिपोर्ट काढा, बरं असताना केलेला. माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा कागद, कारण तेव्हाही 180 असेल तर आजचे 190 म्हणजे काहीच बदललं नाही. रक्त शक्यतो डायलिसिसच्या आधी द्या, हिपॅरिनमुळे (डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) नंतर लायपेज वाढलेलं दिसू शकतं. पोटाचं डायलिसिस असेल आणि आयकोडेक्स्ट्रिनची पिशवी (पोटात भरायच्या द्रवाचा एक प्रकार) चालू असेल तर उलटंच होतं, अमायलेज खोटं कमी येतं, तेव्हा लायपेजवर भर द्यायचा आणि कोणती पिशवी चालू आहे ते लॅबला आणि डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

पण आकडा कमी आहे म्हणून दुखणं अंगावर काढू नका प्लीज. वरच्या पोटात जोरात दुखून पाठीत जातंय, उलट्या थांबत नाहीत, तर लगेच हॉस्पिटल गाठा, डायलिसिसवाल्यांना पॅन्क्रियाटायटिसचा (स्वादुपिंडाला सूज येण्याचा) धोका इतरांपेक्षा जास्तच असतो. दुखणं, तीन पटीच्या वर आकडा आणि सोनोग्राफी किंवा सीटी, यातल्या दोन गोष्टी जुळल्या की डॉक्टर तसं निदान करतात.

इन्सुलिनही स्वादुपिंडाचंच प्रोटीन, तेही किडनी मोडते. किडनी मंदावली की टोचलेलं इन्सुलिन जास्त वेळ टिकतं, आणि शुगर आपोआप कमी यायला लागली की लोक खूश होतात, डायबेटीस बरा झाला म्हणतात. तसं नसतं हो, डोस कमी करायची वेळ आलेली असते, डॉक्टरांना लगेच विचारा. रात्री घाम फुटला, हात थरथरले तर आधी शुगर चेक करा.