हात प्लास्टरमध्ये असलेल्या मुलीसाठी घरी काय आणि कसं शिवावं

हाताचं ऑपरेशन होऊन मुलगी घरी आली की पहिल्याच सकाळी लक्षात येतं, कपाटातला जवळपास एकही कपडा तिच्या अंगात जात नाही. टी-शर्टची बाही प्लास्टरवरून चढत नाही, शर्टाचा कफ मनगटावरच अडतो, गाऊन डोक्यावरून घालायचा तर हात वर करावा लागतो. मग कपडे बदलायचे म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या. घरात शिलाई मशीन असेल आणि सरळ टीप मारता येत असेल, तर यातलं बरंच काही थोडं थोडं करत सोपं करता येतं.

शिवायला बसण्यापूर्वी एक गोष्ट ठरवा. जे शिवाल त्यामुळे तिला दिवसातून एकदा तरी कमी हाक मारावी लागली पाहिजे. नक्षीदार उशी, रंगीत गोधडी हे मायेनं सुचतं आणि त्यात काही चूक नाही, पण पहिल्या आठवड्यात तिला हवं असतं ते वेगळंच: स्वतःचा फोन स्वतः घेता यावा, बाथरूममध्ये जाताना दर वेळी आई लागू नये. वयात आलेल्या मुलीला तर हे फार लागतं. म्हणून आधी तिलाच विचारा, "दिवसभरात सगळ्यात नको वाटतं ते काय?" उत्तर ऐका आणि तिथून सुरुवात करा. माझ्या लेकीचं उत्तर होतं, कपडे बदलताना दुसऱ्या कुणी बटणं लावणं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा शर्टालाच दिली आहे.

बाजूने उघडणारा शर्ट

नवीन कापड आणू नका. घरातलाच एक ढगळ, मऊ, वापरून धुतलेला सुती शर्ट घ्या, तिच्या मापापेक्षा एक नंबर मोठा असेल तर उत्तम. वापरलेला शर्ट आटून झालेला असतो आणि मऊही पडलेला असतो. उसवलेल्या बाहीला रुंदी वाढवायला जी जोडपट्टी लावायची, तिच्यासाठी नवं सुती कापड घेणार असाल तर ते मात्र रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात पट्टी आटते आणि बाही गोळा होते.

आता उसवायचं. दुखऱ्या हाताच्या बाजूचा कफ पूर्ण काढा. मग बाहीची खालची शिवण मनगटापासून काखेपर्यंत आणि तिथून कुशीची शिवण थेट घेरापर्यंत उसवा. तयार शर्टात ही बहुधा एकच सलग शिवण असते, तीही दुहेरी टिपेची, त्यामुळे वेळ लागतो. सीम रिपरने, म्हणजे टाके उसवायच्या छोट्या हत्याराने, दर तीन-चार टाक्यांनी एक टाका कापत जा आणि मग दोरा ओढा. कापड ताणून फाडायला गेलात तर काखेतच फाटतं.

उसवून झालं की पुढच्या भागाची मोकळी कड एक सेंटिमीटर आत दुमडून, पुन्हा एकदा दुमडून टीप मारून घ्या. आता माप घ्या. प्लास्टरचा घेर तीन ठिकाणी मोजा: मनगटाशी, कोपराशी आणि दंडावर. टेप प्लास्टरवर अलगद ठेवायची, आवळायची नाही. प्रत्येक मापात 8 सेंटिमीटर सैलपणा मिळवा. मग उघडलेली बाही पलंगावर सपाट पसरून त्याच तीन ठिकाणची तिची रुंदी मोजा. जिथे सगळ्यात जास्त कमी पडतं, तोच आकडा धरा.

समजा, कोपराशी प्लास्टरचा घेर 38 सेंटिमीटर आहे. सैलपणा धरून 46 हवेत, आणि बाही भरली 36. म्हणजे 10 कमी. त्यात एकावर एक येण्यासाठी 3 मिळवा, तयार पट्टी 13 सेंटिमीटर रुंद हवी. पट्टी दुहेरी ठेवायची म्हणून कापड 13 दुणे 26 आणि दोन्हीकडच्या शिलाईसाठी 2, असं 28 सेंटिमीटर रुंद कापा. लांबी बाहीइतकी, त्यात वरखाली दोन-दोन सेंटिमीटर जास्त. पट्टी उलटी दुमडून दोन्ही टोकं शिवा, सुलटी करा, इस्त्री फिरवा आणि मागच्या भागाच्या मोकळ्या कडेला जोडा. कुशीसाठी अशीच वेगळी पट्टी करा, ती सहा सेंटिमीटर रुंद असली तरी पुरते.

काखेत मात्र दोन्ही पट्ट्या जोडू नका. तिथे चार बोटं जागा मोकळीच राहू द्या. सरळ पट्टी काखेच्या वळणावर नीट बसत नाही, चुण्या पडतात आणि त्या चुण्या टोचतात. मोकळ्या जागेतून वाराही लागतो, आणि प्लास्टर असलेल्या मुलीच्या काखेला तो फार हवाहवासा असतो.

वेलक्रोचे दोन सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर लांब तुकडे करा, कोपरे गोल कापा. खरखरीत बाजू पट्टीवर, वरच्या अंगाला लावा. मऊ बाजू पुढच्या कडेच्या आतून. म्हणजे शर्ट उघडा राहिला तरी तिच्या अंगाला कायम मऊ बाजूच लागते. दोन तुकड्यांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर पुरतं. मागे गोंद असलेलं वेलक्रो मशीनवर शिवू नका, सुईला चिकटा धरतो आणि टाके सुटत जातात. साधं शिवायचं वेलक्रो घ्या, 14 नंबरची सुई लावा आणि चारही बाजूंनी टीप मारा. वेलक्रोऐवजी टिचबटणं लावायची असतील तर प्लास्टिकची घ्या. एक्स-रेमध्ये धातूची बटणं दिसतात, आणि मग तपासणीच्या दिवशी शर्ट काढायचा उपद्व्याप होतो.

पुढची बटणंही बदलून टाका. बटण तोडून त्याच्या जागी आत वेलक्रो लावा आणि तेच बटण वरच्या पट्टीवर, काजाच्या तोंडावर पक्कं शिवून टाका. बाहेरून शर्ट नेहमीसारखाच दिसतो. भेटायला कुणी आलं की याचं महत्त्व कळतं. आजाऱ्याचा झगा घालून बसल्यासारखं तिला वाटत नाही.

घालायची रीत तिलाही शिकवा: दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. बाही प्लास्टरवर नुसती पांघरायची, पाठ मागून फिरवून चांगला हात दुसऱ्या बाहीत घालायचा, मग पुढचं आणि कुशीचं वेलक्रो. दोन-तीन वेळा बसूनच करायला लावा. त्यानंतर तुम्ही दाराबाहेर उभ्या राहा.

दोऱ्यांची काळजी

हा मुद्दा छोटा वाटतो, पण मला तो शिलाईइतकाच महत्त्वाचा वाटतो. सुटलेले धागे, टिकल्या, मणी, टाचण्या यांतलं काहीही प्लास्टरच्या तोंडातून आत शिरू शकतं. आत गेलेलं बाहेर काढता येत नाही आणि कातडीला टोचत राहतं. म्हणून तिच्या कपड्यातली एकही कड कच्ची ठेवायची नाही. ओव्हरलॉक (कडेचे धागे सुटू न देणारं मशीन) नसेल तर कड दोनदा दुमडून घ्या किंवा झिगझॅग टीप मारा. टिकल्या-मण्यांचं काम या दिवसांत नको. शर्ट तयार झाला की तो उलटा करून उजेडात धरा, लोंबणारा प्रत्येक दोरा कापा, मग जोरात झटका आणि एकदा धुवूनच तिला द्या. धुताना वेलक्रो बंद करून ठेवा, नाहीतर त्यात धुण्यातला सगळा कचरा अडकतो.

टाचण्या मोजून घ्यायच्या, मोजून ठेवायच्या. तिच्या पलंगावर कापड पसरून काम करायचं नाही.

आणि दंडावर इलॅस्टिक नको, सैल असलं तरी नको. हाताला सूज कमी-जास्त होत असते. सकाळी सैल वाटलेलं इलॅस्टिक संध्याकाळी रुततं. बोटं गार, पांढरी किंवा निळसर पडली, बधिर झाली, हलेनाशी झाली किंवा दुखणं वाढतच चाललं तर कपडा सैल करून वाट बघत बसू नका. लगेच डॉक्टरांना कळवा.

हाताखालची उशी

सुरुवातीच्या दिवसांत सूज उतरावी म्हणून हात छातीपेक्षा उंच ठेवायला सांगतात. घरातल्या उशा सरकतात, म्हणून एक जराशी भरीव उशी वेगळी काढून तिला दोन अभ्रे शिवा. 45 बाय 60 सेंटिमीटरच्या उशीसाठी 47 रुंद आणि 139 लांब कापड घ्या. दोन्ही आखूड कडा दुमडून शिवा, कापड सुलटीवर सुलटी ठेवून असं घडी करा की मध्ये 15 सेंटिमीटर एकावर एक येतील, आणि बाजूच्या दोन टिपा मारा. चेन नाही, बटण नाही, टोचायला काहीच नाही. अभ्र्याचं कापड थोडं खरखरीत सुती असावं. गुळगुळीत कापडावरून प्लास्टर घसरतं. किती उंच आणि किती वेळ, हे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच.

पलंगाचा खिसा

शर्टानंतर सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. जाड कापडाचा 35 सेंटिमीटर रुंद आणि 80 सेंटिमीटर लांब दुहेरी तुकडा घ्या. अर्धा भाग गादीखाली जाणार, अर्धा बाहेर लोंबणार. गादीखालच्या कडेला नेफा शिवून त्यात जुनी फूटपट्टी सरकवा, मग खिसा ओढला तरी निघून येत नाही.

बाहेरच्या भागावर खिसे लावताना तिचा चांगला हात कुठला, ते आधी बघा आणि त्याच बाजूला खिसा टांगा. वरचा खिसा फोनचा, 12 सेंटिमीटर रुंद. चार्जरच्या वायरसाठी खालच्या कोपऱ्यात काजासारखी फट. शेजारी रुमाल आणि कंगवा. खालचा मोठा खिसा पुस्तकाचा, त्याला दोन्हीकडे तीन-तीन सेंटिमीटरची चूण द्या म्हणजे तो फुगतो. प्रत्येक खिशाच्या तोंडाशी दोन सेंटिमीटरची जाड दुमड हवी. तोंड उभं राहिलं तरच एका हाताने आत काही घालता येतं; मऊ पडलेल्या खिशाचं तोंड उघडायला दुसरा हात लागतो, आणि तोच तर तिच्याकडे नाही. औषधं या खिशात ठेवू नका. ती मोठ्यांच्या ताब्यात, वेळापत्रकासोबत.

वेळ कुठून काढायचा

घरात शुश्रूषा चालू असताना सलग दोन तास कुणालाच मिळत नाहीत. म्हणून काम तोडून ठेवा. एका दिवशी फक्त उसवणं. दुसऱ्या दिवशी माप आणि कापणं, आणि कापलेले सगळे तुकडे खडूने खुणा करून एका पिशवीत. टिपा मारायच्या तेव्हा ती जागी असताना, मशीनखाली जाड सतरंजीची घडी घालून, म्हणजे जमिनीतून घरघर जात नाही. ती झोपलेली असते तेव्हा हातशिलाईचं काढा: तुरपाई, बटणं, वेलक्रोचे कोपरे. शेजारी बसून हात चालू राहिले की माझाही जीव थाऱ्यावर राहायचा. दर पाच मिनिटांनी "दुखतंय का गं?" विचारणंही कमी झालं, आणि तिला तेच हवं होतं.

तिला कामात घ्यायचं असेल तर निवडीचं काम द्या. कापड कुठलं, बटण कुठलं, खिसा किती खोल. एका हाताने बटणं रंगाप्रमाणे लावता येतात, दोऱ्याची रिळं जुळवता येतात. कंटाळली की थांबू द्या. शिवण हा तिचा अभ्यास होऊ नये.

प्लास्टर निघाल्यावर

प्लास्टर निघालं की लगेच नेहमीचे कपडे घालता येतील, अशी तिची अपेक्षा असते. कोपर आखडलेलं असतं, त्वचा कोरडी आणि हुळहुळी झालेली असते, त्यामुळे हाच शर्ट पुढेही काही आठवडे लागतो. फक्त बाहीची रुंद पट्टी उसवून तिथे कुशीसारखी अरुंद पट्टी लावा, नाहीतर लोंबणारं कापड दाराच्या कडीत अडकतं.

हाताचे व्यायाम सांगितले गेले असतील तर फिजिओथेरपिस्टला विचारूनच तिच्या हातात सुई द्या. परवानगी मिळाली तर सुरुवात मोठ्या छिद्राच्या जाड सुईने, लोकरीने आणि विरळ विणीच्या कापडावर करा. लांब धावदोरा आधी, मग उलटी टीप. कात्री चालवायला जास्त जोर लागतो, म्हणून ती सगळ्यात शेवटी. दुखलं किंवा सूज दिसली की त्या दिवशीचं काम तिथेच ठेवायचं आणि पुढच्या भेटीत ते सांगायचं. हात पूर्ण सरळ व्हायला लागला आणि ती नेहमीचे कपडे घालू लागली की वेलक्रो काढून कफ परत जोडा. म्हणून उसवलेला कफ पहिल्या दिवशीच पाकिटात घालून, त्यावर लिहून ठेवलेला असावा.