ट्रकचालकांच्या वैद्यकीय तपासणीला जाताना श्वासाचे कागद बरोबर ठेवा

अमेरिकेत आंतरराज्य वाहतुकीचा ट्रक चालवणाऱ्यांना जास्तीत जास्त २४ महिन्यांचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळते. परंतु दमा, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा झोपेत श्वास अडण्याचा विकार असलेल्यांचे काम अनेकदा आजारापेक्षा कागद हाताशी नसल्यामुळे अडते.

तपासणीच्या साधारण महिनाभर आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून स्पायरोमेट्री (नळीत फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) करून घ्यावी आणि आजार आटोक्यात असून गाडी चालवण्यास हरकत नाही, असे त्यांचे पत्र मागून घ्यावे. औषधांची नावे आठवत बसण्यापेक्षा प्रत्येक इनहेलरच्या लेबलाचा फोटो काढून ठेवणे सोपे पडते, कारण मात्राही तिथेच छापलेली असते. सीपॅप (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र) वापरणाऱ्यांनी यंत्राच्या वापराचा अहवाल छापून न्यावा. किमान ७० टक्के रात्री ४ तास तरी वापर दिसावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते, म्हणून माझ्या मावसभावाला मी तीन महिने आधीपासूनच बजावते, "दादा, केबिनमध्ये झोपतोस त्या रात्रीही मास्क लाव." नेमक्या त्याच रात्री सुटतात आणि टक्केवारी झपाट्याने घसरते.

कागद अपुरे असल्यास परीक्षक निर्णय ४५ दिवसांपर्यंत प्रलंबित ठेवू शकतात. मात्र जुने प्रमाणपत्र त्याच्या मुदतीपुरतेच चालते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यातली वेळ घेऊ नये.

प्रश्नावलीत आजार मात्र कधीही लपवू नये, कारण खोटी माहिती आढळल्यास प्रमाणपत्रच रद्द होऊ शकते.