फुलावरचे फुलपाखरू टिपताना

पावसाळा सरता सरता घाणेरी, एक्झोरा आणि झेंडूवर फुलपाखरांची वर्दळ वाढते. छायाचित्रणासाठी सकाळची वेळ धरावी, कारण अंगात ऊब येईपर्यंत फुलपाखरू पंख पसरून उन्हात बसून राहते आणि तेवढ्या अवधीत त्याच्याजवळ जाता येते. आपली सावली त्याच्यावर पडू न देता, खाली वाकून, थांबत थांबत पुढे सरकावे. काही जण फुलपाखराला फ्रीजमध्ये गारठवून फुलावर बसवतात. त्याला छायाचित्रण म्हणणे मला मान्य नाही.

इतक्या जवळून जेमतेम काही मिलिमीटरचा पट्टाच स्पष्ट येतो. त्यामुळे पंख मिटलेले असतील तर कॅमेरा त्यांना समांतर धरावा आणि फोकस डोळ्यावर ठेवावा. एफ/८ (भिंगाच्या छिद्राचे माप) आणि १/५०० सेकंद (शटरचा वेग) ही जोडी बहुतेक वेळा पुरते. मात्र २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉरमॉन मध पितानाही पंख फडफडवत राहते, तेव्हा १/१००० किंवा त्याहून जास्त वेग ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) खुशाल वाढवावा. चित्रात थोडे दाणे दिसले तरी खपते, हललेला डोळा खपत नाही.

काढलेल्या छायाचित्रावर अभिप्राय मागताना ‘फोटो कसा वाटतो?’ असे विचारल्यास ‘छान’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी एकाच फुलावरची तीन छायाचित्रे, न कापता, सेटिंगसह दाखवावीत आणि नजर आधी कुठे जाते ते विचारावे. पाहणाऱ्याने मागच्या चकाकणाऱ्या पानाकडे बोट दाखवले, तर ते पान संगणकावर पुसत बसण्यापेक्षा पुढच्या खेपेस त्याच झुडपापाशी जाऊन, पाऊलभर बाजूला सरकून, मागे दूरची सावली येईल असा कोन घ्यावा. मिशीचे टोक चौकटीबाहेर गेल्याची तक्रार आली, तर थोडे मागे हटून मोकळी जागा ठेवावी. एका खेपेस एकच बदल केला की नेमका कशाने फरक पडला, ते कळते.

छायाचित्रकाराइतकेच फुलपाखरांच्या जाणकारालाही विचारावे. त्याच्यासाठी पंखांच्या दोन्ही बाजू टिपून ठेवाव्यात, कारण लहान निळ्या फुलपाखरांच्या अनेक जाती पंखांच्या खालच्या बाजूच्या ठिपक्यांवरूनच ओळखाव्या लागतात.