जुन्या पिस्टनचा कम्प्रेशन रेशो कसा काढायचा

"भाऊ, हाऊ पिस्टन चाली का?" असं म्हणत फडक्यात गुंडाळलेला जुना पिस्टन माझ्या लेथवर आणून ठेवणारे येतच असतात. विकणाऱ्याने 'हाय कम्प्रेशन आहे' एवढंच सांगितलेलं असतं. मी आधी विचारतो, गाडी कोणती आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) कुठलं? रेशो म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते. तो एकट्या पिस्टनचा नसतोच. पिस्टन खालून वर येताना जेवढी जागा फिरतो ती एक, आणि तो पार वर गेल्यावर हेड आणि त्याखालचं पॅकिंग मिळून उरते ती दुसरी. दोन्हींची बेरीज करून दुसरीने भागायचं.

जुनी बुलेट ३५० घ्या, युनिट इंजिनवाली (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात). बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९०, म्हणजे ३४६ सीसी. कंपनीचा रेशो ८.५, म्हणून वर उरणारी जागा साधारण ४६ सीसी.

आता पिस्टन. आधी रॉकेलमध्ये भिजवून कार्बन काढा. लाकडी पट्टीने खरवडा. पटाशी लावली की ॲल्युमिनियम उकरलंच समजा. मग वरचे आकडे वाचा. ०.५० म्हणजे अर्धा मिमी ओव्हरसाइझ, मूळ मापापेक्षा मोठा. ०२० म्हणजे तेच, फक्त इंचाच्या हजारांशात. बाण बसवायची दिशा दाखवतो. यातला एकही आकडा रेशोचा नाही, तरी दुकानात तो तसा खपवला जातो. डोक्यावर लेथच्या गोल रेषा असतील तर नीट बघा. रेषांवर आकडा ठोकलेला असेल तर रेषा कारखान्यातल्या. रेषांनी अर्धा आकडा खाल्ला असेल तर नंतर कोणीतरी डोकं उतरवलंय. असा पिस्टन मी परत करायला सांगतो.

पुढचं माप सगळ्यात कामाचं. व्हर्निअरने गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) भोकाच्या वरच्या कडेपासून डोक्याच्या सपाट काठापर्यंत उंची घ्या आणि त्यात पिनचा अर्धा व्यास मिळवा. ही झाली पिन हाइट. मूळ पिस्टनशी ताडून बघा. ७० च्या बोअरमध्ये १ मिमी उंची वाढली की ३.८५ सीसी जागा गेली. ४६ चे ४२ झाले, रेशो ८.५ वरून ९.२ च्या आसपास. डोळ्याला हा एक मिमी दिसतही नाही.

डोक्यावर खळगा असेल तर नेमप्लेटवाल्याकडून ॲक्रिलिकचा तुकडा आणा आणि त्याला दोन भोकं पाडा, एक ओतायला, एक हवा जायला. काठाला ग्रीस लावून तो दाबून बसवा, सिरिंजने डिझेल भरा. पाणी नको, बुडबुडे धरून बसतं. जेवढे मिलि मावले तेवढा खळगा. फुगवटा असेल तर पिस्टन बोअरमध्ये घालून त्याचा सपाट काठ १० मिमी खाली ठेवा, कडेने ग्रीस भरा, वर तेच ॲक्रिलिक. ७० च्या बोअरला इथे ३८.५ सीसी मावायला हवेत. ३० च मावले तर फुगवटा ८.५ सीसीचा.

हेडही व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून, उलटं धरून असंच मोजायचं. त्यात पॅकिंगची जागा मिळवा (जाडी दाबलेली धरा, नव्याची नाही) आणि पिस्टन वर आल्यावर सिलिंडरच्या काठाखाली राहतो तेवढी जागा. खळगा असेल तर मिळवा, फुगवटा असेल तर वजा करा. बोअर वाढवलं असेल तर फिरणारी जागाही नव्या बोअरने काढा: ७१ ला ३५६ सीसी येते.

प्लगच्या भोकात लावून दाब मोजतात त्या कम्प्रेशन गेजचा आकडा म्हणजे रेशो नव्हे. रिंगा, व्हॉल्व्ह, कॅम, थ्रॉटल किती उघडा होता, सगळ्यांनी तो हलतो.

आणि आपल्याकडचं ऊन धरा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो. पंपावरचं साधं पेट्रोल, पाठीमागे माणूस आणि चढ, की वाढीव रेशोची एअरकूल्ड गाडी टकटक वाजायला लागते. रोजच्या गाडीला मी कंपनीच्या आकड्याच्या पुढे जात नाही. तरी जायचंच असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का ते बघायला पिस्टनवर मुलांची क्ले थापा, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि हेड काढा. व्हॉल्व्हचा ठसा जिथे पातळ उमटला तिथे उरलेली जाडी व्हर्निअरने मोजा.