ब्लॅकहीथच्या अर्ली म्युझिक प्रदर्शनाला जाताना: हौशी वादकांसाठी तयारीची यादी

लंडनचं अर्ली म्युझिकचं प्रदर्शन पूर्वी ग्रिनिचच्या ओल्ड रॉयल नेव्हल कॉलेजात भरायचं, नंतर ते जवळच ब्लॅकहीथ हॉल्समध्ये हललं. महिना नोव्हेंबरचा असतो. युरोपात साधारण १७५० सालापर्यंत जी वाद्यं वाजत होती ती, म्हणजे रेकॉर्डर (तोंडाने फुंकायची उभी बासरी), व्हायोल (पायांत धरून गजाने वाजवायचं तंतुवाद्य), ल्यूट (घुमटाकार पाठीचं, बोटांनी छेडायचं तंतुवाद्य), हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं, पण तारा छेडणारं वाद्य), कॉर्नेट (फुंकायचं लाकडी वाद्य), इथे टेबलांवर मांडलेली असतात. टेबलामागे बहुतेक वेळा ती घडवणारा कारागीरच उभा असतो आणि वाद्य उचलून तुमच्या हातात देतो. हौशी वादकाला याहून मोठं सुख नाही. मात्र तयारी न करता गेलं तर दुपारी एकपर्यंत कान बधिर होतात आणि सकाळचं कोणतं वाद्य आवडलं होतं तेही आठवत नाही. म्हणून तयारी तीन आठवडे आधी सुरू करा. तारखा, वेळा आणि कोणते कारागीर येणार आहेत ते त्या वर्षीचं ताजं पाहूनच तिकीट काढा.

सगळ्यात आधी पट्टी ठरवा. इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. जुन्या संगीतात एकच पट्टी नसते. आजचा ए हा सूर ४४० हर्ट्झचा, पण बरोक (साधारण १६०० ते १७५० च्या काळातली) वाद्यं बहुधा ४१५ वर बांधलेली असतात, फ्रेंच बरोकसाठी ३९२ आणि सोळाव्या शतकाच्या काही वाद्यांसाठी ४६६ लागतो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी सहा दाबली की ४१५ मध्ये काळी चार ऐकू येते, ३९२ मध्ये पांढरी पाच आणि ४६६ मध्ये काळी पाच. तुमचा गट ४४० वर वाजवत असेल तर ४१५ चा सुंदर रेकॉर्डर घरी आणून तो एकट्यानेच वाजवावा लागेल. तेव्हा गटातल्या लोकांना आधीच विचारा: पुढच्या दोन वर्षांत काय वाजवायचंय, कोणत्या पट्टीत, हार्पसिकॉर्ड आहे का, आणि तो कोणत्या पट्टीत लावलेला असतो. उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

व्हायोल किंवा ल्यूट नव्याने शिकायचं असेल तर या वेळी विकत घेऊच नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. ब्रिटनमधली व्हायोला द गांबा सोसायटी १९४८ सालची, ल्यूट सोसायटी १९५६ सालची. दोन्ही आपल्या सभासदांना वाद्यं भाड्याने देतात. प्रदर्शनात हाताला काय बसतं ते पाहा, मापं लिहून घ्या आणि पहिलं वर्ष भाड्याच्या वाद्यावर काढा. तारांच्या सहा जोड्यांचा रेनेसाँस (बरोकच्या आधीच्या काळातला) ल्यूट आणि तेरा जोड्यांचा बरोक ल्यूट ही जवळजवळ दोन वेगळी वाद्यं आहेत. त्यांच्या तारा वेगळ्या सुरात लागतात, बोटांची ठेवणही बदलते. हे कळायला दोन तास पुरत नाहीत.

आदल्या रात्री पिशवी भरा. रेकॉर्डर वाजवणाऱ्याने स्वतःचा रोजचा आल्टो (मधल्या आकाराचा रेकॉर्डर) घ्यायलाच हवा, तो प्लास्टिकचा असला तरी चालेल. नवीन वाद्य चांगलं की वाईट हे ठरवायला ओळखीचं माप लागतं, आणि ते माप म्हणजे हाच. सोबत सुती कापड गुंडाळलेली पुसायची काठी, सांध्यांना लावायच्या ग्रीसची डबी, ए वेगळा लावता येईल असा ट्यूनर (फोनवरचा चालेल, पण ४१५ आणि मीनटोन ही सूर लावण्याची जुनी पद्धत दोन्ही लागतात का ते घरीच तपासा), दोन बी च्या दोन पेन्सिली, खोडरबर, घडीचा स्टँड आणि कागद उडू नयेत म्हणून कपडे वाळत घालायचे चार चिमटे. व्हायोलवाल्यांनी वरच्या दोन तारांचा एकेक जादा नग, पडद्यांसाठी हातभर आतड्याची दोरी आणि शामॉय चामड्याचा एक तुकडा घ्यावा. व्हायोलला जमिनीवर टेकायला काठी नसते, ती पोटऱ्यांमध्ये धरतात. गुळगुळीत पॉलिएस्टरची पँट असली की ती हळूहळू खाली सरकते आणि वाजवणाऱ्याला वाटतं की चूक आपल्या गजाची आहे. तो चामड्याचा तुकडा तिथे कामाला येतो. घट्ट स्कर्ट मात्र टाळाच.

कपड्यांचं आणखी एक. ल्यूटच्या पोटाची पाटी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड असते. जॅकेटची धातूची चेन, पट्ट्याचं बक्कल, बांगड्या, अंगठ्या, लांब मंगळसूत्र यांतलं काहीही त्यावर किंवा मागच्या घुमटावर घासलं तर ओरखडा कायमचा राहतो, आणि वाद्य तुमचं नसतं. आत जाताच अंगठ्या-बांगड्या पाकिटात, मंगळसूत्र आत, जॅकेट खुर्चीवर. कारागीर हे पाहतात, आणि मग चांगलं वाद्य स्वतःहून काढून देतात.

डबा कोरडा न्या: मेथीचे पराठे, पोळीची गुंडाळी, केळी. चटणीचं तेल बोटांना राहिलं तर आतड्याच्या तारेवर उतरतं आणि तार लवकर खराब होते, म्हणून जेवणानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय टेबलापाशी जाऊ नका. फुंकायच्या वाद्यांना त्याहून मोठा धोका गोडाचा. साखरेचा चहा किंवा चॉकलेट खाऊन लगेच वाजवलं की लाळेबरोबर साखर रेकॉर्डरच्या विंडवेत जाऊन चिकटते. हा हवेचा मार्ग एखाद-दोन मिलिमीटर उंचीचा असतो. तिथे पुटं चढली की आवाज घोगरा होतो आणि साफ करायला कारागिराकडेच जावं लागतं. साध्या पाण्याने चूळ भरा, मग वाजवा.

लंडन ब्रिजहून ब्लॅकहीथला रेल्वेने साधारण पाव तास लागतो आणि स्टेशनातून हॉलपर्यंत काही मिनिटांची चाल आहे. गाडीत वाद्य वरच्या फळीवर ठेवू नका, पायांमध्ये धरा आणि पिशवीचा पट्टा मनगटात अडकवा. १९१९ साली जुनी वाद्यं घडवणाऱ्या आणि वाजवणाऱ्या डोल्मेच कुटुंबाची पिशवी वॉटर्लू स्टेशनावर विसरली. तीत अठराव्या शतकातल्या ब्रेसानने केलेला रेकॉर्डर होता. तो हरवल्यामुळे आर्नोल्ड डोल्मेच यांनी स्वतः नवा रेकॉर्डर घडवायला घेतला आणि आधुनिक काळातला रेकॉर्डर तिथून पुन्हा सुरू झाला. मूळ वाद्य पुढे सापडलं, पण त्या नशिबावर विसंबून राहू नका.

नोव्हेंबरच्या थंडीतून तापलेल्या हॉलमध्ये शिरल्यावर वाद्याची पेटी लगेच उघडू नका. पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवा. थंड लाकडाच्या रेकॉर्डरमध्ये श्वास गेला की बाष्पाचे थेंब विंडवेत साठतात आणि आवाज मध्येच बंद होतो. शिवाय वाद्य थंड असेल तर सूर खाली बसतो आणि ट्यूनर खोटं सांगतोय असं वाटायला लागतं. वरचा तुकडा काखेत किंवा तळहातांमध्ये धरून ऊब द्या. थेंब अडकलेच तर रेकॉर्डरच्या तोंडाखालच्या खिडकीवर बोट आडवं हलकं ठेवून एक जोरदार फुंक मारा. बोट लेबियमच्या, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेच्या, पातळ धारेवर दाबू नका, ती धार हेच वाद्याचं प्राणस्थान.

आता मुख्य काम. पहिला दीड तास कान ताजे असतात आणि गर्दी कमी असते. तेवढ्या वेळात वाद्यं वाजवून पाहा, पुस्तकं आणि पदार्थ नंतर. हॉलमध्ये एका वेळी वीस जण वाजवत असतात आणि त्या गोंगाटात प्रत्येक वाद्य पातळ वाटतं, म्हणून वादक नकळत जोरात फुंकू लागतो. आवडलेलं वाद्य शांत खोलीत नेऊन पाहता येईल का, असं विचारा, बहुतेक ठिकाणी काहीतरी सोय असते. एका वेळी तीनच वाद्यं हाती घ्या. प्रत्येकावर नोटेशनचे तेच आठ-दहा बार वाजवा, शक्यतो संथ काहीतरी, कारण जलद बोटं दोष झाकतात. आल्टो असेल तर आधी खालचा एफ आणि जी हळू फुंकून पाहा, कमी वाऱ्यात ते तुटतात का. मग फोर्क फिंगरिंगचा (मधलं छिद्र उघडं ठेवून बोटं ठेवण्याचा) बी फ्लॅट, मग वरचा ई आणि एफ, मग अष्टकातल्या जोड्या. ट्यूनरकडे स्वतः पाहू नका. डोळ्यांसमोर काटा असला की श्वास आपोआप सूर सावरतो आणि दोष दिसतच नाही. सोबत्याने काटा पाहावा आणि वहीत लिहावं. चाळीस मिनिटांनी वाद्य खाली ठेवून बाहेर चक्कर मारून या.

विकत घ्यायचा विचार असेल तर कारागिराला चार प्रश्न विचारा: कोणत्या जुन्या वाद्यावरून केलंय, लाकूड कोणतं, ब्लॉक (तोंडात विंडवेखाली बसवलेला लाकडी ठोकळा) कोणत्या लाकडाचा, आणि वाद्य खुललं की पुन्हा सूर लावून देणार का. मिरजेत तंबोरा घेताना जसं जवारीचं काम कोण करणार हे आधी ठरवतात, तसाच हा शेवटचा प्रश्न आहे आणि तो पैसे देण्यापूर्वीचा आहे. स्वस्त रेकॉर्डर असेल तर जर्मन की बरोक फिंगरिंग हेही पाहा. पुढची चौथी आणि पाचवी छिद्रं ताडून बघा. बरोकमध्ये पाचवं मोठं असतं, जर्मनमध्ये चौथं. जर्मन पद्धतीत सुरुवात सोपी जाते, पुढे अडते. बरोकच घ्या.

जुनं वाद्य घेताना हस्तिदंताची कडी दिसली की थांबा. ब्रिटनमध्ये २०२२ च्या जूनपासून हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर कडक बंदी आहे. १९७५ पूर्वीच्या आणि वीस टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वाद्यांना सूट मिळते, पण त्यासाठी नोंदणी लागते. नोंदणीचा कागद पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. शिसवीच्या जातीच्या लाकडांवर २०१७ पासून परवान्याची अट होती. तयार वाद्यांना २०१९ च्या शेवटी ती सूट मिळाली, मात्र ब्राझीलचा रोझवुड या सुटीत नाही. भारतात वाद्य आणायचं असेल तर पावतीवर लाकडाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या.

हार्पसिकॉर्डपाशी परवानगीशिवाय बसू नका. बसल्यावर पियानोसारखं ठोकू नका. एक कळ इतकी हळू दाबा की आतली नखी तार छेडते तो क्षण बोटाला जाणवेल, आणि मग सोडताना ती शांतपणे परत येते का ते ऐका. तारांना बोट लावू नका, घामाने त्या गंजतात. कुठे ब्रे पिना लावलेली रेनेसाँस हार्प दिसली तर थांबून ऐकाच. तारेला टेकलेल्या लाकडी पिनांमुळे तिचा सूर जवारी लावलेल्या तंबोऱ्यासारखा झणझणतो, आणि मराठी कानाला तो एकदम घरचा वाटतो.

नोटेशनच्या टेबलांवर दुपारी जा. जुन्या छापील प्रतींची जशीच्या तशी छपाई घ्यायची असेल तर आधी पान उघडून कोणत्या क्लेफमध्ये (रेघांवरचे स्वर ठरवणाऱ्या चिन्हात) आहे ते पाहा. फ्रेंच बासरीच्या संगीतात जी क्लेफ सर्वांत खालच्या रेघेवर असते. घाबरू नका, ज्यांना बास क्लेफ येते त्यांनी तसंच वाचावं, स्वरांची नावं तीच येतात, फक्त दोन सप्तकं वर. ल्यूटसाठी टॅब्लेचर (बोटं कुठे ठेवायची ते दाखवणारं लेखन) घेताना अक्षरं असतील तर फ्रेंच, अंक असतील तर इटालियन, आणि इटालियनमध्ये रेघांचा क्रम उलटा असतो. समूहवादनाची पुस्तकं घेताना सगळ्यांचे वेगळे भाग आहेत का ते तपासा. फक्त एकत्र स्कोअर असेल तर पानं उलटताना गट थांबतो. सहभागाच्या कार्यशाळेत जाणार असाल तर ४४० चं वाद्य न्या, आणि आल्टोवाल्यांनी लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक वर वाचायची सवय करूनच जा. तिथे तेच गृहीत धरतात.

नवा लाकडी रेकॉर्डर घेऊन घरी आलात तर रविवारी दोन तास वाजवू नका, कितीही मोह झाला तरी. ब्लॉक ओल शोषून फुगतो, विंडवे अरुंद करतो आणि लाकडाला चीर जाऊ शकते. पहिला आठवडा रोज दहा मिनिटं, खालच्या आणि मधल्या सप्तकात. दुसऱ्या आठवड्यात पंधरा, तिसऱ्यात वीस-पंचवीस. वाजवून झाल्यावर आतून पुसा, पेटी उघडी ठेवून वाळू द्या, मग बंद करा. आतल्या नळीला तेल लावायचं असेल तर कारागीर सांगेल ते आणि सांगेल तेव्हाच, पण ब्लॉक आणि विंडवेला तेलाचा थेंबही लागू देऊ नका, कारण त्या लाकडाला पाणी शोषता आलंच पाहिजे. पुणे-नागपूरच्या उन्हाळ्यात पेटीत ओलसर स्पंजाची डबी ठेवा, कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती काढून टाका. सहा-आठ आठवड्यांनी आवाज घुसमटल्यासारखा वाटायला लागला तर वाद्य बिघडलेलं नसतं, ब्लॉक फुगलेला असतो. वहीत लिहून ठेवलेला कारागिराचा पत्ता तेव्हा काढा आणि सूर लावायला वाद्य पाठवा.