हेलिकॉप्टरमध्ये बसताय? या चुका टाळा

बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "दोन इंजिनं आहेत ना?" प्रश्न चांगला आहे, पण तो पहिला नव्हे. इंजिन बंद पडल्यावर पायलटने लगेच कलेक्टिव्ह (पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारा दांडा) खाली घेतला, तर खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरत राहतो आणि उतरता येतं. याला ऑटोरोटेशन म्हणतात. उंची आणि वेग दोन्ही कमी असतील तेव्हा मात्र त्याला वेळ पुरत नाही.

जास्त भीती ढगांची. 26 जानेवारी 2020 रोजी कॅलिफोर्नियात बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जण दगावले, ते हेलिकॉप्टर दोन इंजिनांचंच होतं आणि दोन्ही इंजिनं ठीक होती. पायलट ढगात शिरला आणि त्याचं दिशेचं, कलाचं भान सुटलं. म्हणून बुकिंग करतानाच विचारा: हवा बिघडली तर उड्डाण रद्द करतो कोण, आणि पैसे परत मिळतात का? उत्तर गोलमोल आलं तर गाडीने जा. आणि "बघा ना, जमतंय का" हे वाक्य पायलटसमोर अजिबात काढू नका. तो नाही म्हणाला की विषय संपला.

वजन चोरू नका, सामानाचंही सांगा. उन्हात आणि उंचावर हवा विरळ होते, पंख्याला उचल कमी मिळते. सकाळी सहज उडणारा भार दुपारी जड होतो.

चढताना समोरून, पायलटला दिसाल असेच या, तेही त्याने खूण केल्यावर. फिरणारा शेपटीचा पंखा डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून मागच्या बाजूला फिरकूच नका. जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूने येऊ नका, तिकडे मुख्य पंखा डोक्याच्या उंचीवर येतो. टोपी आधीच काढा. उडालीच तर मागे धावू नका. ट्रायपॉड खांद्यावर नको, आडवा, कमरेखाली धरा.

पाण्यावरून जायचं असेल तर लाईफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवा. वरचा भाग जड असल्याने हेलिकॉप्टर पाण्यात उलटतं आणि फुगलेलं जॅकेट तुम्हाला आत, वरच्या बाजूला दाबून धरतं. एका हाताने दाराची कड पकडून ठेवा, पंखा थांबल्यावर दुसऱ्याने पट्टा सोडा. 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत उघड्या दारांचं हेलिकॉप्टर उलटलं, तेव्हा पाचही प्रवासी हार्नेसमध्ये (बाहेर पडू नये म्हणून अंगाला बांधलेल्या पट्ट्यांमध्ये) अडकून बुडाले. दारं काढून उडायचं असेल, तर जमिनीवरच तो हार्नेस स्वतःच्या हाताने, न बघता सोडून पाहा. नाही सुटला तर चढू नका.