रेघ भरली म्हणजे पेशी सरकल्या असं नाही: ऑस्टिओब्लास्टच्या प्रयोगात या चुका टाळा

एम.एस्सी.च्या प्रबंधांत एक आलेख हमखास भेटतो. ऑस्टिओब्लास्टच्या, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशींच्या, थरावर पिपेटच्या टिपने रेघ ओढून रिकामी पट्टी केली, एखाद्या कायनेझचा (प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमचा) इन्हिबिटर, म्हणजे त्याला अडवणारं रसायन, टाकला आणि २४ तासांनी रेघ कमी भरलेली दिसली. निष्कर्ष तयार: हे एन्झाइम हाडाच्या पेशींच्या स्थलांतराला आवश्यक आहे. असेलही, पण तेवढ्या आलेखावरून ते सिद्ध होत नाही.

आधी साखळी पाहू. पेशीने पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन या प्रथिनांच्या मदतीने कोलॅजनवर पकड घेतली की तिथे फोकल अ‍ॅडिजन कायनेझ, म्हणजे फॅक, जमतं आणि ३९७ क्रमांकाच्या टायरोसिनवर स्वतःच फॉस्फेट चढवतं. त्याला सार्क हे दुसरं कायनेझ येऊन चिकटतं. मग पकडीच्या जागच्या पॅक्सिलिन या प्रथिनाला फॉस्फेट लागतं, रॅक हे स्विचसारखं प्रथिन जागं होतं, पेशीची पुढची कड पसरते. मागची बाजू आखडून ओढून घेण्याचं काम रो-ए हे तसंच स्विच-प्रथिन आणि त्याने चालू होणारं रॉक हे कायनेझ यांचं. यातले बरेच सिग्नल मिनिटांत चढतात-उतरतात, रेघ भरायला मात्र तास लागतात.

त्या तासांत पेशी विभागतातही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. विभाजन मंदावलं तरी रेघ उशिरा भरते. म्हणून वाढद्रवातलं सिरम ०.५ ते १ टक्क्यावर आणा, किंवा रेघ ओढण्याआधी विभाजन थांबवणारं मायटोमायसिन-सी द्या. मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, २ तास, ही नेहमीची सुरुवात. पण आपल्या पेशींना तो डोस सोसतो का, हे वेगळं तपासा. इन्हिबिटरने पेशी मरत नाहीत ना, हेही पाहायलाच हवं. इन्हिबिटर ज्यात विरघळवला ते डीएमएसओ कंट्रोलमध्येही तेवढंच टाका. आणि एकाच रसायनावर भिस्त ठेवू नका: एलवाय२९४००२ हे रसायन पीआय३-कायनेझबरोबर एमटॉर या दुसऱ्या कायनेझलाही अडवतं, तर पीआय३-कायनेझचाच दुसरा इन्हिबिटर वॉर्टमॅनिन वाढद्रवात फार काळ टिकतच नाही. रचनेने वेगळा दुसरा इन्हिबिटर किंवा त्या एन्झाइमचं जनुक गप्प करणारा एसआयआरएनए जोडीला असेल तरच मी तरी तो निकाल मनावर घेईन.

उंदराच्या एमसी३टी३-ई१ या ऑस्टिओब्लास्टसारख्या पेशी वापरत असाल तर वाढद्रवाच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचा. अल्फा-एमईएम या नेहमीच्या वाढद्रवात लिटरला ५० मिलिग्रॅम अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल असतं. कोलॅजन पक्कं करणाऱ्या एन्झाइमला ते लागतं, आणि त्यामुळे या पेशी प्रौढ होऊ लागतात. मग रेघ ओढताना थर कडेने सालीसारखा सुटून येतो आणि प्रत्येक विहिरीत रुंदी निराळी. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल नसलेला अल्फा-एमईएम मिळतो, तो मागवा. मानवी एमजी-६३ ही पेशी पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीसंग्रहातून मिळते, पण ती कर्करोगाची पेशी आहे. तिची चाल निरोगी ऑस्टिओब्लास्टची समजू नका.

'वेस्टर्नमध्ये (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याच्या ब्लॉटमध्ये) फॉस्फो-फॅक, म्हणजे फॉस्फेट चढलेलं फॅक, दिसतच नाही' ही तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारते: पेशी ट्रिप्सिनने सोडवल्या होत्या का? पकड सुटली की हा सिग्नल झपाट्याने उतरतो. प्लेट बर्फावर ठेवा, थंड बफरने धुवा, लायसिस बफर थेट प्लेटवर ओता आणि खरवडून घ्या. फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना अडवायला बफरमध्ये सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट हवंच. व्हॅनाडेट नुसतं विरघळवून चालत नाही: पीएच १० करायचा, पिवळं झालेलं द्रावण रंगहीन होईपर्यंत उकळायचं, गार झाल्यावर पुन्हा पीएच पाहायचा, आणि रंग परतत असेल तर हेच पुन्हा. ब्लॉकिंगला (ब्लॉटच्या रिकाम्या जागा झाकायला) दूध नको, बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, घ्या, कारण दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे. पहिले नमुने ५, १५ आणि ३० मिनिटांचे घ्या. फक्त २४ तासांचा नमुना घेऊन 'सिग्नल नाही' असं लिहिण्यात अर्थ नाही.

रॉकचा इन्हिबिटर वाय-२७६३२ टाकल्यावर रेघ उलट लवकर भरली, तर बाटली चुकली की काय म्हणून घाबरू नका. आकुंचनाचा ताण कमी झाल्यावर पुढची कड मोकळी पसरते. पेशींचे फोटो मोठे करून पाहा: मागे लांबच लांब शेपट्या राहिलेल्या दिसतात, दावणीला बांधलेल्या गुरासारखी पेशी पुढे ताणते पण मागून सुटत नाही. अशा वेळी भरलेलं क्षेत्रफळ मोजून भागत नाही, एकेका पेशीचा माग काढावा लागतो.

ट्रान्सवेलमध्ये, म्हणजे छिद्रांच्या पडद्याने वर-खाली विभागलेल्या कप्प्यात, ८ मायक्रॉनची छिद्रं ठीक. पीडीजीएफ-बीबी हा पेशींना ओढणारा वाढघटक खाली टाकल्यावर पेशी उतरल्या, तर ते वरखाली सारखंच टाकूनही बघा. तरीही तितक्याच उतरल्या, तर त्यांना दिशा कळलेली नाही, नुसती वळवळ वाढली आहे.

ऑस्टिओक्लास्टवर, म्हणजे हाड झिजवणाऱ्या पेशींवर, मात्र रेघेचा प्रयोग करूच नका. या अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी ओरखड्याने फाटतात. सार्क नसलेल्या उंदरांत, हे १९९१ साली दिसलं, ऑस्टिओक्लास्ट तयार होतात पण हाड झिजवत नाहीत, आणि हाडं दाट होत जातात. म्हणजे 'चालणं' आणि 'झिजवणं' वेगवेगळं मोजायला हवं. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेझ, म्हणजे कोलॅजनसारखी प्रथिनं कापणारी एन्झाइमं, तपासायची असतील तर उघड्या प्लास्टिकवर इन्हिबिटरचा परिणाम दिसणं कठीण, कारण तिथे कापायला कोलॅजनच नाही. पातळ लेपही पुरत नाही. पेशीला वाट काढावी लागेल एवढा कोलॅजन जेलचा थर घाला.